तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण मोबाईलवर आणताना

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमची संस्था विदर्भातल्या दोन तालुक्यांत नव्याने निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांचं तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेत आली आहे. आता निधी देणारे म्हणतात की तेच ऑनलाइन करा, ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा शिकता यावं. तुम्ही ११ तासांची व्याख्यानं रेकॉर्ड केलीत, प्रत्येक भागाखाली पर्यायी प्रश्न घातलेत, तरीही बहुतेक सदस्य, त्यातही बायका, दुसऱ्या भागानंतर थांबतात. व्हिडिओ लहान करावेत की प्रमाणपत्राचं आकर्षण वाढवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी प्रवीण प्रशिक्षक (मास्टर ट्रेनर) म्हणून २० वर्षांहून जास्त काळ सरपंच-सदस्यांबरोबर बसते आहे आणि गेली काही वर्षं हेच काम मोबाईलवरून करते आहे. व्हिडिओ लहान कराच. पण तेवढ्याने गळती थांबणार नाही, कारण मुळात तुम्ही निवासी प्रशिक्षणातला जो भाग उचलून ऑनलाइन ठेवलात, तो त्या तीन दिवसांतला सगळ्यात हलका भाग होता.

तुमचं जुनं वेळापत्रक समोर घ्या. पहिल्या दिवशी पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती, अकराव्या अनुसूचीतले पंचायतींकडे द्यायचे २९ विषय, १९५८चा ग्रामपंचायत अधिनियम. दुसऱ्या दिवशी सभा, ठराव, निधी आणि संध्याकाळी अभिरूप, म्हणजे सरावाची, ग्रामसभा. तिसऱ्या दिवशी गावाचा विकास आराखडा. व्याख्यानं कॅमेऱ्यात आली. पण जेवणाच्या रांगेत काय झालं ते आलं नाही. माझ्या एका शिबिरात एक सदस्य बाई भाकरीचं ताट हातात घेऊन दुसरीला सांगत होत्या की त्यांच्याकडे महिन्याची सभा झाली की चार दिवसांनी शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेतले ठराव लिहायची वही, घेऊन घरी येतो आणि सही घेऊन जातो. दुसरी थांबली. म्हणाली, "आमच्यात सभा संपताना ठराव वाचून दाखवतात, मग सह्या होतात. तुमच्या सहीच्या वर काय लिहिलंय हे तुम्ही बघता का?" त्या बाई दीड वर्ष सह्या करत होत्या आणि सगळीकडे असंच चालतं असं समजत होत्या. सभा कामकाजावरचं माझं दीड तासाचं सत्र त्यांनी ऐकलं होतं. पण त्यांना उमगलं ते त्या रांगेत. विकेंद्रीकरण, म्हणजे निर्णयाची सत्ता गावाकडे येणं, म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी त्या सहीच्या जागेवर येऊन थांबला होता.

म्हणून तुमचा प्रश्न मी असा मांडेन: समोर कोणी नसताना, रांगेतली ती भेट कशी घडवायची?

याचं एकच उत्तर नाही, आणि ते कशावर ठरतं हे आधी सांगते. शिकणारी व्यक्ती सरपंच आहे, सदस्य आहे की ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यावर बरंच ठरतं. ग्रामसेवकाला नियम आणि नमुने माहीत असतात, त्याला शासन निर्णयांतला बदल वेळेवर हवा असतो. सदस्याला बहुधा बोलायचं धैर्य आणि विचारायचे नेमके प्रश्न हवे असतात. मोबाईल तिच्या हातात असतो की रात्री नऊनंतर मुलगा घरी आल्यावर मिळतो, हे विचारा. निवडून येऊन तीन महिने झालेत की तीन वर्षं, हेही. आणि गाव अनुसूचित क्षेत्रात आहे का, हे सगळ्यात आधी, कारण तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४चे पेसा नियम लागू होतात. पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेऊ शकतो, ग्रामसभा कोष समिती असते, आदिवासी उपयोजनेतून येणारा ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामांचं बंधन नसलेला, निधी असतो. तुमच्या एका तालुक्यात पेसाची गावं असतील तर दोन्ही तालुक्यांना एकच पाठ देऊ नका. पेसातल्या सदस्याला सर्वसाधारण नियम आधी शिकवले की तिची ग्रामसभा किती समर्थ आहे हे तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आता मी काय करते ते सांगते. माझा पहिला पाठ कायद्याचा नाही, कागदाचा आहे. चार मिनिटांचा आवाज असतो, चित्र नाही. त्यात एवढंच काम दिलेलं असतं: ग्रामपंचायतीत जा आणि आपल्या घराची नमुना ८ मधली नोंद पाहा. मालक म्हणून कोणाचं नाव आहे, घर मातीचं लिहिलंय की पक्कं, घरपट्टी किती लावली आहे, शेवटची फेरआकारणी कधी झाली. परत आल्यावर एक मिनिटाचा आवाज पाठवा: काय दिसलं आणि कोणी काय म्हटलं.

हे काम छोटं दिसतं, पण त्यातून जे बाहेर येतं ते दोन तासांच्या व्याख्यानातून येत नाही. अर्ध्याअधिक जणी आधी तलाठ्याकडे जातात, कारण जमिनीचा आठ-अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांची गल्लत होते. सातबारा आणि आठ-अ महसूल खात्याचे, नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, हा फरक एकदा पायाने चालून कळला की पुन्हा विसरत नाही. काहींना दिसतं की घर पक्कं होऊन सात वर्षं झाली आणि नोंद अजून मातीच्या घराची आहे. मग त्यांच्याच लक्षात येतं की पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न का वाढत नाही. काहींना दिसतं की मालक म्हणून फक्त नवऱ्याचं नाव आहे, आणि पत्नीचं नावही लावता येतं हे ऐकून त्या पुढच्या मासिक सभेत तो विषय काढतात. आणि काहींना दप्तर दाखवलंच जात नाही. तोही धडाच आहे, पण तिथे तिला एकटं सोडू नका. माहितीचा अधिकार कायदा २००५चा आहे आणि दप्तर पाहायला मागणं हा कोणाही नागरिकाचा हक्क आहे, हे तिला माहीत हवं. त्याआधी तुम्ही ग्रामसेवकांशी बोललेलं असायला हवं. मी आता पाठ सुरू होण्याआधी त्या गावांच्या ग्रामसेवकांची एक बैठक घेते आणि सदस्य कोणता कागद कधी मागतील हे सांगून ठेवते. आधी कळलं की बहुतेक जण सहकार्य करतात. अचानक मागितलं की त्यांना ती चौकशी वाटते, आणि मग त्याचा त्रास सदस्यालाच होतो.

एक पथ्य पाळा: नोंदवहीचे फोटो मागवू नका. त्यात गावातल्या लोकांची नावं आणि थकबाकी असते. आवाज पुरतो.

आवाजच का, यामागे एक वाईट अनुभव आहे. सुरुवातीच्या एका तुकडीत माझेही पर्यायी प्रश्न होते. एक सदस्य सगळ्या भागांत उत्तम गुणांनी पास झाल्या. प्रमाणपत्र देताना मी सहज विचारलं की बंधित निधी, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा निधी, तुमच्या गावात कशावर खर्च झाला. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "ताई, बटणं पुतण्याने दाबली. मला तर कोणी ऐकवलंच नाही." मोबाईल घरातल्या पुरुषांकडे होता आणि अभ्यासक्रमसुद्धा त्यांनीच पूर्ण करून टाकला होता. ५० टक्के आरक्षणामुळे जी बाई पंचायतीत आली, तिच्या जागी शिकायलाही दुसराच कोणी बसला, आणि ते मी आखलेल्या रचनेमुळे शक्य झालं. त्या दिवसापासून माझ्या पाठांत बटण दाबून पूर्ण होणारं काही नाही. तिचा आवाज हवा आणि तिच्या गावातली गोष्ट हवी. पुतण्या ती सांगू शकत नाही.

निधीचा पाठही असाच. "पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित आणि ४० टक्के अबंधित" हे वाक्य सदस्यांना पाठ असतं, पण ते हाताला लागत नाही. मी त्या आयोगाच्या (२०२१-२६) हिशेबाने एक आकडा देते. समजा गावाला १० लाख आले. ६ लाख बंधित, त्यातले ३ पाण्याला आणि ३ स्वच्छतेला. उरलेले ४ लाख गावाच्या इतर गरजांना, पण त्यातून पगार देता येत नाहीत. मग विचारते: टाकीची गळती कशातून दुरुस्त कराल? रस्त्यावरचे दिवे कशातून? यानंतर स्वतःच्या गावाचा आराखडा काढायला सांगते. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आराखड्यात आपल्या वस्तीचं एकही काम नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली बाई पुढचा पाठ सोडत नाही. पुढचा पाठ असतो स्वतःच्या उत्पन्नाचा: महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, दिव्यांगांसाठी ५ टक्के राखायचे असतात, ते राखले का आणि खर्च कशावर झाले.

इथे एक तांत्रिक सूचना, जी मी फार उशिरा शिकले. जे बदलतं ते रेकॉर्डिंगमध्ये घालू नका. चौदाव्या आयोगात निधी फक्त ग्रामपंचायतींना होता, पंधराव्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तिन्ही स्तरांना आला. बंधित-अबंधितचं प्रमाण २०२०-२१ला निम्मं-निम्मं होतं, पुढच्या वर्षापासून ६०-४० झालं. आयोग बदलला की हे सगळं पुन्हा बदलतं. सरपंचाची थेट निवडणूक २०१७ला आली, २०२०ला गेली, २०२२ला परत आली, आणि अविश्वास ठरावाचे नियमही तिच्याबरोबर हलले. शिबिरात असा बदल झाला तर प्रशिक्षक पुढच्या तुकडीत दुरुस्त करतो. व्हिडिओ मात्र चुकीचं सांगत गावोगाव फिरत राहतो, आणि त्या चुकीच्या माहितीवर कोणी सभेत उभी राहिली तर तिचं हसं होतं. पुन्हा ती उठत नाही. म्हणून आकडे, कलमं आणि तारखा एका वेगळ्या पानावर ठेवा, वर "शेवटची दुरुस्ती" म्हणून तारीख लिहा, आणि आवाजात फक्त विचार करण्याची रीत ठेवा.

आता वेगाबद्दल. "ज्याच्या त्याच्या सवडीने" हा शब्द ऐकायला छान वाटतो. पण पंचायत कोणाच्या सवडीने चालत नाही. दर महिन्याला मासिक सभा असते. वर्षाला किमान चार ग्रामसभा, बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास, आणि त्याआधी महिलांची सभा. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची धावपळ सुरू होते, थंडीत अंदाजपत्रक, मार्चअखेर खर्च. सदस्याने आराखड्याचा पाठ फेब्रुवारीत निवांत ऐकला तर तो बरोबर शिकून झाला, आणि उपयोगाला एक वर्ष उशीर झाला.

केरळने १९९६च्या लोकयोजना मोहिमेत हे फार चांगलं ओळखलं होतं. योजना निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचं ठरवलं आणि प्रशिक्षण त्या कामाच्या टप्प्यांबरोबर चालवलं: ग्रामसभा भरायच्या आधी ग्रामसभेचं, विकास अहवाल लिहायच्या वेळी अहवालाचं, प्रकल्प आखताना प्रकल्पांचं. शिकणं आणि करणं यांच्यात काही दिवसांचंच अंतर राहिलं. तेव्हा मोबाईल नव्हते, माणसं फिरली. आपल्याकडे मोबाईल आहेत, तर ते निदान तेवढ्यासाठी वापरू या.

माझ्याकडे म्हणून पाठांचा क्रम १ ते १२ असा नाही. सदस्य सांगते, "पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे," आणि तिला त्या सात दिवसांचा संच मिळतो. नोटीस लागली का, विषयपत्रिकेत काय आहे, आपला विषय लेखी कधी द्यायचा, कोरम, म्हणजे किमान हजेरी, किती लागेल. कोरमचं गणितही तिच्या गावावर करून घेते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी ते. ९०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे १३५ होतात, म्हणून १०० पुरतात. ४०० मतदारांच्या गावात ६०. आणि ठराव कसा मांडायचा: सूचक कोण, अनुमोदक कोण, वाक्य कसं लिहायचं की त्यातून काम, जागा आणि रक्कम तिन्ही कळेल. "रस्ता करण्यात यावा" या ठरावाने कधी रस्ता झालेला मी पाहिला नाही. "अमुकच्या घरापासून शाळेपर्यंत, इतके मीटर, अबंधित निधीतून" असा लिहिला की निदान पुढच्या सभेत त्याचं काय झालं हे विचारता येतं. अशा संचाला मी मुदत घालते, आणि ती मुदत मी ठरवत नाही, गावाची सभा ठरवते. तुमच्याकडे दुसऱ्या भागानंतर जी गळती होते तिचं कारण मला इथे दिसतं: तिसरा भाग आजच ऐकावा असं काही घडतच नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: कागदापासून सुरुवात, तिच्याच आवाजात उत्तर, बदलणारी माहिती वेगळी, आणि क्रम पंचायतीच्या वर्षाचा. आता सोबतीचं बोलू, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एकटी बाई एकट्या मोबाईलसमोर पंचायत शिकू शकत नाही, असं मी अनुभवावरून म्हणते. पंचायत हीच मुळात पाच-सात जणांनी मिळून करायची गोष्ट आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव तुम्हाला माहीत असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले, ते सगळ्यांना आठवतं. पण त्यामागे तिथला अभ्यास गट होता, ज्याची चर्चा कमी होते. तिथे लोक विषय समजून घ्यायला बसत, बाहेरच्या जाणकाराला बोलवत, वाद घालत. निर्णय मात्र त्या गटात होत नसे, तो ग्रामसभेत आणि सर्वांच्या सहमतीने होई. शिकण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची जागा वेगळी, पण माणसं तीच. मी मोबाईलच्या पाठाकडे आता असंच पाहते: तो अभ्यास गटात वाजवायचा आवाज आहे. चार मिनिटं ऐकायचं आणि चाळीस मिनिटं बोलायचं.

तुम्ही पंचायत समितीच्या गणाप्रमाणे, म्हणजे तिच्या मतदारसंघाप्रमाणे, पाच ते सात सदस्यांचे गट करा. एकाच गावातल्या सगळ्या नकोत, कारण गावातली भांडणं गटात येतात. वेगवेगळ्या गावांतल्या असल्या की "तुमच्याकडे कसं करतात?" हा प्रश्न आपोआप येतो, आणि तीच ती जेवणाची रांग. गटाला एक सोबतीण हवी. मागची टर्म केलेली माजी सदस्य सगळ्यात उत्तम, विषयतज्ज्ञ असण्याची गरज नाही. ती आठवड्याला एक फोन करेल, सगळ्यांचे आवाज ऐकेल आणि कोण गप्प झाली हे तुम्हाला सांगेल. तिला मानधन द्या. निधी देणाऱ्यांना हा खर्च पटवावा लागेल, कारण ऑनलाइन म्हणजे स्वस्त अशी त्यांची समजूत असते. हॉल, जेवण आणि प्रवासात वाचलेले पैसे इथेच लावायला हवेत.

एक दिवस मात्र प्रत्यक्ष घ्याच, त्यावर माघार घेऊ नका. तीनाचा एक झाला तरी चालेल, आणि तो सुरुवातीला न घेता दोन-अडीच महिन्यांनी घ्या, जेव्हा प्रत्येकीने आपल्या दप्तरातलं काहीतरी पाहिलेलं असेल. त्या दिवशी व्याख्यान ठेवू नका, अभिरूप ग्रामसभा ठेवा. कोणीतरी ओरडणारा व्हावा, कोणीतरी "बाईला काय कळतं" म्हणणारा व्हावा, आणि तिने तरीही उभं राहून ठराव पूर्ण वाचावा. आवाज चढलेल्या सभेत आपला आवाज टिकवणं हे शरीराने शिकायचं असतं. ते मी मोबाईलवर करून पाहिलं आणि जमलं नाही.

तुमच्या ११ तासांचं काय? टाकून देऊ नका. कोणाकडून तरी ते लिहून काढा आणि सदस्य खरोखर विचारतात त्या प्रश्नांखाली तुकडे लावा. चांगला प्रशिक्षक बोलताना अनुभव सांगतो, ते दोन-तीन मिनिटांचे भाग सोन्यासारखे असतात. कलमं वाचून दाखवलेला भाग काढून टाका. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवता येईल आणि रेंज नसताना ऐकता येईल एवढी हलकी ठेवा.

आणि निधी देणाऱ्यांना "किती जणांनी पूर्ण केलं" हा आकडा पहिला देऊ नका. सहा महिन्यांनी प्रोसिडिंग पाहा. सूचक म्हणून किती सदस्य बायकांची नावं आली, त्यांनी मांडलेले किती ठराव आराखड्यात गेले, सह्या सभेत झाल्या की घरी. यासाठी माणूस पाठवावा लागतो, वेळ लागतो. पण तुम्ही विकेंद्रीकरण शिकवताय, आणि ते घडलं की नाही याचा पुरावा त्या वहीत आहे.

तुमच्याकडची पुढची ग्रामसभा कधी आहे ते पाहा. तिच्या तीन आठवडे आधी एकाच गणातल्या सात जणी निवडा आणि फक्त नमुना ८चं काम द्या, बाकी काही नको. सातही आवाज परत आले की ते ऐका, आणि दुसरा पाठ त्यातल्या गोष्टींवरून तयार करा.